रिपोर्ट यायच्या आत

निलंगा तालुक्यातलं एखादं गाव. बाळ कल्पनेतलं, वेळा मात्र रक्तातल्या जंतुसंसर्गाच्याच.

सकाळी ६. वीस तास उरलेत. तीन दिवसांचं, दोन किलोचं लेकरू दूध ओढंना. आजी म्हणते, "झोपलंय, उठवू नका गं." रक्तात जंतू शिरल्याची पहिली खूण बऱ्याचदा एवढीच असते. ताप येईलच असं नाही. कमी वजनाचं बाळ उलट गार पडतं.

सकाळी ९. रडणं क्षीण. मीठ-मिरची ओवाळून झाली. निदान याच घटकेला, सुईशिवाय होऊ शकतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना तेच शिकवलं. रडणं मंदावलं, दूध तुटलं, अंग सैल पडलं, श्वास मिनिटाला साठावर गेला, अशा दोन खुणा एकदम दिसल्या की जेंटामायसिन हे अँटिबायोटिक सुरू. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं.

सकाळी ११. दवाखान्यात संसर्ग दाखवणारा रक्तातला सीआरपी 'नॉर्मल'. संसर्गानंतर तो वाढायलाच सहा-आठ तास घेतो. कागद पाहून घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि चार तास जातात.

दुपारी ३. पोट फुगलं, हातपाय गार. 'लातूरला न्या.' १०८ औशामार्गे निघते, पन्नासेक किलोमीटर. निघण्याआधी अँटिबायोटिक द्यावं, तर कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो सापडेनासा होऊ शकतो. माझ्या मते तरीही आधी डोसच द्यावा. जंतूचं नाव नंतर कळलं तरी चालेल. इथे डोसच राहून जातो.

संध्याकाळी ५. कल्चरसाठी एक मिलिलिटर रक्त. एवढ्या बाळाच्या अंगात मुळात असतं ते पावणेदोनशेच्या आसपास.

अशी उशिरा निघालेली बाळं एकाच दाराशी जमतात. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ अर्भकं. रुग्णालयाने सांगितलेल्या कारणांत कमी वजन होतं, आणि शेवटच्या क्षणी पाठवलेले रुग्णही. पुढाऱ्यांनी जाब विचारला तो अधिष्ठात्यांना. आधीच्या दारांची चौकशी फारशी कुणी केली नाही.

रात्री ११. रक्तदाब कोसळतो.

पहाटे २. बाळ जातं.

त्यानंतरची संध्याकाळ. बाटलीत जंतू वाढल्याचा इशारा येतो. क्लेबसिएला. कोणत्या औषधाला तो दाद देतो, त्याचा कागद आणखी एका दिवसाने मिळेल.