तळटीप : बेरिंग समुद्रातले ‘डोनट होल’

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी २०० सागरी मैलांच्या हद्दी आखल्यावर बेरिंग समुद्राच्या मधोमध कुणाच्याच ताब्यात नसलेला एक तुकडा उरला. लेखकाला इथे तोच अभिप्रेत आहे. १९८०च्या दशकात जपान, दक्षिण कोरिया, पोलंड आणि चीनच्या ट्रॉलरनी त्यातून पोलॉक मासा अक्षरशः उपसला. १९८९च्या सुमारास वर्षाकाठी १४ लाख टनांच्या घरात गेलेली पकड १९९२पर्यंत जवळजवळ संपली. १९९३पासून मासेमारी थांबली आणि १९९४मध्ये या चौघांसह अमेरिका व रशियाने करार केला. लेखक त्याला ‘यशस्वी’ म्हणतात. बंदी पाळली गेली एवढ्यापुरते ते खरे आहे.

कराराचे खरे बळ त्यातल्या एका आकड्यात आहे : हा तुकडा ज्या खोल समुद्रखोऱ्यावर येतो त्या अल्यूशियन खोऱ्यातला पोलॉकचा साठा १६.७ लाख टनांवर गेल्याशिवाय जाळे टाकायचे नाही. हा मासा हिवाळा सरताना अमेरिकी हद्दीतल्या बोगोस्लोफ बेटाजवळ अंडी घालायला जमतो. तिथे जहाजावरून ध्वनिलहरी सोडून थवे मोजतात, आणि थेट मोजणी नसेल तेव्हा तो आकडा एकूण साठ्याच्या ६० टक्के धरतात. ती पातळी अद्याप गाठली गेलेली नाही. — संपादक