डोकं उठलं की...

परवा पुन्हा डोकं उठलं. अर्धशिशी जुनीच. गॅलरीतून दिसणारा वडाळे तलाव एरवी किती आवडतो, पण त्या सकाळी उजेडच नको झाला होता. आत्या म्हणाली, "डोळे मीट आणि दुखणं नुसतं बघ. चांगलं-वाईट काही म्हणू नकोस." मी खेकसलोच, "दुखणं काय बघायची गोष्ट आहे?" बिचारी उठून आत गेली. ती विपश्यनेची शिबिरं केलेली बाई.

गोळी घेऊन दुपारी बरं वाटल्यावर या विपश्यनेचा अलीकडचा इतिहास वाचत बसलो. गंमत म्हणजे तिथेही अर्धशिशीच निघाली!

सत्यनारायण गोएंका १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्मले. मारवाडी व्यापारी घराणं. अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातले डॉक्टरही करून झाले. शेवटी १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे कुणी साधू नव्हेत, सरकारी हिशेबखात्यातले बडे अधिकारी. (आम्हा नोकरदारांना तेवढाच दिलासा.) त्यांनी आधी नकारच दिला. डोकेदुखी घालवायला येत असाल तर नको, मन निर्मळ करायचं असेल तर या.

इथे मी बराच वेळ अडकलो. 'हे जायलाच हवं' म्हणून बघायला बसलं, की निकाल आधीच लागलेला असतो. मग बघणं कसलं? ती तर वाट बघणं.

पुढे आजारी आईसाठी गोएंका भारतात आले. जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिलं शिबिर झालं, माणसं अवघी चौदा, त्यात त्यांचे आईवडील. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी विपश्यना, झेन, योग यांतून घेऊन १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या इस्पितळात जुनाट दुखण्याच्या रोग्यांना हेच शिकवायला घेतलं. १९९० च्या पुस्तकात त्यांनी साधकाच्या वृत्ती सांगितल्या, त्यात पहिली निवाडा न करण्याची. आता आमच्या ऑफिसात हेच 'माइंडफुलनेस' म्हणून इंग्रजीतून शिकवतात. असो.

संध्याकाळी ठणका परत आला. पाच मिनिटं बसून पाहिलं. ठणका एकच होता, त्यावरची माझी बडबड मात्र अखंड: साहेब, उकाडा, नशीब, आत्या.

उठून चहा टाकला, तिच्यापुढे कप ठेवला. म्हटलं, "सकाळी चुकलंच."

"साखर घातलीस ना?" ती म्हणाली.