वाळवणाची विद्या

बारा बलुतेदारांत परीट समाजाचा मान काय होता, हे लग्नातील पायघड्यांवरून सहज ध्यानी येते. भट्टी, नीळ, खळ आणि इस्त्री यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु वाळवण हे आपल्या धंद्याचे निम्मे अंग होय, याकडे सहसा लक्ष जात नाही. कारण ते काम सूर्यनारायण फुकट करीत आला. मुंबईस १८९० साली महालक्ष्मीचा धोबीघाट बांधला गेला. तेथेही दुहेरी पिळाच्या दोरीत कपडे अडकवून, चिमट्यावाचून, उन्हातच वाळत.

जेथे ऊन दुर्मीळ, तेथे यंत्र जन्मले. इ. स. १८०० च्या सुमारास पोशाँ नामक फ्रेंच गृहस्थाने भोके पाडलेले पिंप विस्तवावर हाताने फिरवून कपडे वाळविले. १८९२ साली जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकास अशा यंत्राचे पेटंट मिळाले. १९३८ च्या सुमारास विजेची व गॅसची यंत्रे तेथे विक्रीस आली.

आम्हां सोलापूरकरांस ऊन विपुल. मग यंत्र कशास? तर आषाढी वारी ऐन पावसाळ्यात येते. अकलूज, माळीनगर, बोरगाव या वाटेने तुकोबांची पालखी पंढरीस जाते, आणि तेथील निवासांच्या चादरी त्याच दिवसांत धुवाव्या लागतात. इस्पितळांचे कपडे तर बारमाही.

यंत्र निवडण्याचा धडा श्रीपूरच्या साखर कारखानदारीतच आहे. साखरेपासून मळी वेगळी करण्यासाठी जाळीचे पिंप वेगाने गरगर फिरवितात. लाँड्रीतील हायड्रो तोच. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.७ युनिट उष्णता लागते. कपड्यांत दहा लिटर पाणी राहिले तर सात युनिटे. हायड्रोने ते पाच लिटरांवर आणले तर साडेतीनच. म्हणून आधी हायड्रो चांगला घ्यावा, मग वाळवणयंत्र. सोलापुरी टॉवेल पाणी फार धरतो, हे विसरू नये.

कारखान्यात उसाचे चिपाड घरचेच, म्हणून तेथे वाफ परवडते. आपणांस बॉयलर मोठ्या, अखंड कामावाचून परवडणार नाही. मध्यम कामास गॅसचे यंत्र जलद; परंतु धूर व दमट हवा बाहेर नेणारे नळकांडे त्यास अवश्य हवे. साधे विजेचे यंत्र घेण्यास स्वस्त, चालविण्यास महाग. हीटपंपाचे यंत्र वाफेतील उष्णता परत वापरते; कारखान्यातही रसाच्या एका भांड्याची वाफ पुढील भांडे तापविते, तद्वत. त्यास वीज निम्मी किंवा त्याहून कमी लागते. पण किंमत अधिक आणि वेळही अधिक.

याच समाजात १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी, कर्ज काढू नका, मुलांस शिकवा, असे जन्मभर सांगितले. एकेकट्याने कर्ज काढून वर्षाचे आठ महिने झाकून ठेवण्याचे यंत्र घेण्यापेक्षा चार घरांनी मिळून एक घ्यावे. उन्हाळ्यात दोरी, पावसाळ्यात यंत्र, असा क्रम ठेवावा. मोठी कामे यंत्रवाल्यांकडे जात आहेत आणि आपली मुले धंदा सोडीत आहेत. हिशेब जाणणारा परीटच हा धंदा राखील, असे आम्हांस वाटते.