भाडेपट्ट्यावरची बाग

लंडनच्या पूर्वेकडे हॅकनी भागात लॉडिजेस रोड नावाचा एक साधा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना राहती घरं. १८५०च्या आधी इथे युरोपातली एक नामांकित रोपवाटिका होती, हे नुसतं बघून कळणार नाही.

कॉनरॅड लॉडिजेस हा जर्मनीतून आलेला माळी. आधी त्याने एका डॉक्टरच्या बागेत नोकरी केली. पुढे जॉन बुश नावाच्या दुसऱ्या जर्मन माळ्याची रोपवाटिका त्याच्या हाती आली. बुश रशियाच्या महाराणीच्या बागा सांभाळायला निघून गेला होता. कॉनरॅडचा मुलगा जॉर्ज याने धंदा फार मोठा केला. वाफेवर तापवलेली काचघरं, त्यांत ताड आणि ऑर्किड. १८१७ ते १८३३ या काळात त्यांनी 'बोटॅनिकल कॅबिनेट'चे २० खंड काढले, त्यांत २००० वनस्पतींची चित्रं आहेत. दुकानाची जाहिरात म्हणा, पण अशी जाहिरात आज कोण करतं!

मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती काचेची पेटी. नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला बंद बाटलीत नेचं उगवलेलं दिसलं आणि त्यातून ही पेटी सुचली. १८३३ मध्ये अशा पेट्या सिडनीला गेल्या. परत आलेल्या पेट्यांतली जिवंत रोपं बघायला वॉर्डसोबत जॉर्जही जहाजावर चढला होता. पूर्वी समुद्रप्रवासात वीसपैकी एकोणीस रोपं मरायची, आता वीसपैकी एकोणीस जगतात, असा त्याचा हिशेब होता. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती याच पेट्यांतून. म्हणजे आपल्या कपातल्या चहाशीही हॅकनीचा थोडा संबंध आहे.

पण जमीन लॉडिजेसची नव्हती. ती भाडेपट्ट्यावर होती. पागडीच्या खोलीत वाढलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. १८४६ मध्ये जॉर्ज वारला. शहर पसरत हॅकनीपर्यंत आलं. काचघरांपेक्षा घरांचं भाडं जास्त मिळणार, हे उघड होतं. १८५०च्या दशकात पट्टा संपला, रोपवाटिका मोडली, झाडं विकली गेली. १८५४ मध्ये त्यांतला एक प्रचंड ताड ३२ घोड्यांच्या गाडीवरून सिडनमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नेला. रस्त्यावर बघ्यांची गर्दी किती झाली असेल!

मग तिथे घरं उठली. जवळच्या ॲब्नी पार्क दफनभूमीत मात्र लॉडिजेसनी १८४० मध्ये झाडांची मोठी बाग लावून दिली होती. त्या दफनभूमीत आजही दाट झाडी आहे.