दिनविशेष : २३ सप्टेंबर
सर्पगंधेच्या रेणूंचा वेध

रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी यांचा आज जन्मदिवस. १९१७ साली कोलकात्यात जन्मलेल्या असीमाबाईंनी १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डीएस्सी मिळवली. भारतीय विद्यापीठाची ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सर्पगंधा कुळातल्या वनस्पतींमधील अल्कलॉइडांची, म्हणजे नायट्रोजनयुक्त संयुगांची, रचना उलगडणे हे त्यांचे मोठे काम. वाळलेल्या मुळांची भुकटी अल्कोहोलात भिजवायची, अर्क आम्लात घ्यायचा, मग अमोनिया घालून अल्कलॉइड वेगळे काढायचे. खरी कसोटी त्यापुढे. आजची यंत्रे तेव्हा नव्हती. रेणू रासायनिक क्रियांनी तोडून त्याचे तुकडे ओळखायचे आणि त्यांवरून मूळ सांगाडा जुळवायचा. तेवढ्यानेही भागत नाही: अणूंची जोडणी तीच, पण एखादा अणू रेणूच्या प्रतलाच्या वर की खाली एवढ्याने औषधाचा गुण बदलतो. सार्पाजिन, अजमॅलिसिन या अल्कलॉइडांची ही अवकाशीय ठेवण ठरवण्यात त्यांचा मोलाचा वाटा आहे. १९६१ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये पद्मभूषण. आपल्याकडच्या सातवीण, सागरगोटा, कुटकी, किराईत यांपासून हिवतापावरचे औषधही त्यांनी विकसित केले.