वाद्यशिल्प

वाद्यशिल्प : पाहण्यासाठी घडविलेली, परंतु आघाताने, घर्षणाने, तार छेडून किंवा हवा भरून वाजविताही येणारी शिल्पकृती. नक्षीकाम केलेले प्रत्येक वाद्य किंवा आवाज करणारे प्रत्येक शिल्प या संज्ञेत मोडत नाही. ज्या वस्तूत आकार आणि नाद परस्परांवर अवलंबून असतात व जी वाजविण्यास मनुष्याचा हात लागतो, अशी वस्तू येथे अभिप्रेत आहे. विसाव्या शतकातील कलेत या प्रकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. तथापि त्याची पूर्वपीठिका बरीच जुनी आहे. त्या वस्तूला स्पर्श कोणी करावा, हा प्रश्न या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो.

भारतीय पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील देवघरांत असणारी पितळी घंटा हे याचे अत्यंत परिचित उदाहरण होय. तिच्या मुठीवर गरुड, मारुती यांसारखी लहानशी मूर्ती असते. षोडशोपचार पूजेच्या आरंभी घंटेलाही गंध, अक्षता व फूल वाहतात आणि नंतर ती वाजवितात. येथे मूर्ती पूज्य असली, तरी तिला हातात धरण्यास बंदी नाही. किंबहुना हातात धरल्यावाचून तिचे कार्यच पूर्ण होत नाही.

दक्षिण भारतातील मंदिरांत आढळणारे नादस्तंभ हे या प्रकाराचे भव्य रूप आहे. मदुराई, तिरुनेलवेली, शुचींद्रम् व हंपी येथील नादस्तंभ विशेष प्रसिद्ध आहेत. एकाच शिळेतून मध्यवर्ती खांब आणि त्याभोवतीचे सडपातळ उपस्तंभ कोरून काढलेले असतात. त्यांवर बोटाने किंवा लाकडी काठीने हलका आघात केला असता निरनिराळे स्वर उमटतात. भरताच्या नाट्यशास्त्रातील तत, सुषिर, अवनद्ध व घन या चतुर्विध वर्गीकरणानुसार हे स्तंभ घनवाद्यांत मोडतात. हे स्तंभ आतून पोकळ असावेत असा समज रूढ होता. तथापि कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राच्या संशोधकांनी हंपीच्या विठ्ठल मंदिरातील स्तंभांचे परीक्षण केले असता ते भरीव असून त्यांचा नाद दगडाच्या लवचिक कंपनांमुळे निर्माण होतो, असे दिसून आले. उपस्तंभाची लांबी, जाडी आणि दगडाची घनता यांनुसार स्वर बदलतो. आघातांनी दगडाची झीज होत असल्याने हंपी येथे पर्यटकांना हे स्तंभ वाजविण्यास आता मनाई आहे. स्तंभ सुरक्षित राहिले, पण त्यांचा स्वर बहुतेकांना केवळ ऐकीव राहिला.

तंतुवाद्यांतही शिल्पाकृती आढळतात. मोराच्या आकाराचे ताऊस किंवा मयूरी हे गजाने वाजविण्याचे वाद्य एकोणिसाव्या शतकातील दरबारांत लोकप्रिय होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यसंग्रहात मोराच्या आणि मगरीच्या आकाराची वाद्ये पाहावयास मिळतात.

टिपू सुलतानासाठी १७९३ च्या सुमारास तयार झालेला लाकडी वाघ हे या प्रकारातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण होय. युरोपीय मनुष्यावर झेप घेतलेल्या या वाघाचा दांडा फिरविला, की मनुष्याचा हात हलतो व त्याचा आक्रोश आणि वाघाची गुरगुर ऐकू येते. वाघाच्या अंगात १८ पट्ट्यांचा लहान ऑर्गनही बसविलेला आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांच्या हाती लागला व १८०८ पासून लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत प्रदर्शित झाला. तेथे प्रेक्षक दांडा फिरवून तो मनसोक्त वाजवीत आणि शेजारच्या ग्रंथालयातील वाचक त्रस्त होत. जित राजाचे राजचिन्ह अशा रीतीने जेत्यांच्या करमणुकीचे साधन बनले. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यामुळे छत कोसळून त्याचे अनेक तुकडे झाले. ते युद्धानंतर जोडण्यात आले. सध्या तो व्हिक्टोरिया अँड अॅल्बर्ट संग्रहालयात आहे. मात्र प्रेक्षकांना तो वाजविता येत नाही.

आधुनिक कला : इटालियन चित्रकार लुइजी रुस्सोलो याने १९१३ मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि गुरगुरणारी, घरघरणारी पेटीवजा वाद्ये बनविली. त्यानंतर कलावंतांचे लक्ष ध्वनीच्या नव्या साधनांकडे वळले. फ्रान्समधील बर्नार बाशे (१९१७–२०१५) व फ्रान्स्वा बाशे (१९२०–२०१४) या बंधूंनी १९५२ मध्ये ओल्या बोटांनी काचेच्या कांड्या घासून वाजविण्याचे वाद्य सिद्ध केले. त्यातील कंपने धातूच्या पत्र्यांतून व शंकूंतून विस्तार पावतात. विजेची आवश्यकता नसते. अमेरिकेत हॅरी बर्टोइया (१९१५–७८) याने धातूच्या उभ्या कांड्यांचे समूह उभारले. त्यांवरून हात फिरविला, की वाऱ्याने शेत डोलावे तशा कांड्या डोलतात आणि दीर्घकाळ निनादत राहतात.

बाशे बंधूंनी ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनासाठी १७ ध्वनिशिल्पे घडविली व जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सू याने त्यांच्यासाठी रचना केली. प्रदर्शन संपल्यावर ती सुटी करून ठेवण्यात आली. २०१० नंतर त्यांपैकी काहींचा जीर्णोद्धार होऊन ती पुन्हा वाजविली गेली. अशा कृतीचे भाग जतन करणे पुरेसे नसून ते कसे जुळवावे व कसे वाजवावे, याचे ज्ञानही जतन करावे लागते.

मेक्सिकोचा पेद्रो रेयेस याने २०१२ मध्ये शासनाने जप्त केलेल्या शस्त्रांच्या भागांपासून वाद्ये बनविली. महाराष्ट्रात अशा परिवर्तनाचे एक उदाहरण सुमारे १८५० पासूनचे आहे. शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या मिरजेच्या शिकलगार कारागिरांनी शस्त्रांची मागणी घटल्यावर सतार-तंबोरे घडविण्याचा व्यवसाय पत्करला. रेयेसच्या कृतीत शस्त्राचे लोखंड वाद्यात आले, तर मिरजेत शस्त्र हाताळणाऱ्याचे कसब भोपळ्याच्या व लाकडाच्या कामात उतरले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

समकालीन ध्वनिकलेतील सर्वच कृती वाजविता येत नाहीत. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या २००८–०९ मधील एका कृतीत हजारो ध्वनिग्राहकांचा मेघासारखा पुंजका टांगलेला असून त्यांतून आवाज बाहेर पडतो. तेथे प्रेक्षक श्रोताच राहतो. क्रोएशियातील झादर येथील २००५ चे सागरी ऑर्गन लाटाच वाजवितात. याउलट तमिळनाडूतील ऑरोव्हिल येथे २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वरम्’ या केंद्रात कोणीही वाजवू शकेल अशी दगडी व धातूची वाद्यशिल्पे तयार होतात.

जतनाचा प्रश्न : स्पर्शाने शिल्प झिजते आणि स्पर्शावाचून वाद्य मुके होते. जुन्या व दुर्मिळ कृतींच्या बाबतीत ध्वनिमुद्रण, नियंत्रित वादन व वाजविण्यासाठी प्रतिकृती हे मार्ग उपलब्ध आहेत. यांपैकी प्रतिकृतीत मूळ शिळेचा किंवा धातूचा नाद तंतोतंत उतरेलच असे नाही. तरीही वाजविण्याची परंपरा तिच्यामुळे खंडित होत नाही. देवघरातील झिजलेली घंटा घरोघर याच रीतीने बदलली जाते व पूजेतील नाद चालू राहतो.