एएलपी: लिव्हरच्या रिपोर्टमध्ये हाडांची खबर

एलएफटी करून आलेले पेशंट विचारतात, "डॉक्टर, एएलपी वाढलंय, लिव्हर खराब झालं का?" बिलिरुबिन आणि एसजीपीटी नॉर्मल असून एकटं एएलपी, म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज, वाढलेलं असेल तर मी उलट विचारतो: मांड्या-कंबर दुखते का? जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का? कारण हे एन्झाइम आधी हाडाच्या अभ्यासातून पुढे आलं, लिव्हरशी त्याचं नातं नंतर कळलं.

१९२२ साली हचिसन आणि शाह यांचा नाशिकमधल्या मुडदुसाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चांगलं खाणाऱ्या, पण पडदा पाळणाऱ्या घरांतल्या मुलांना मुडदूस होत होता. निकृष्ट खाणारी, पण उन्हात वाढणारी गरिबांची मुलं त्यातून वाचत होती. कमतरता उन्हाची होती. एएलपीची तपासणी मात्र तेव्हा नव्हतीच.

पुढच्याच वर्षी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी दाखवलं की वाढत्या हाडात फॉस्फेट सुटं करणारं एन्झाइम असतं. १९३०मध्ये के यांनी ते मुडदुसाच्या रुग्णांच्या रक्तात वाढलेलं दाखवलं. हाड मऊ पडलं की हाड बांधणाऱ्या पेशी जास्त राबतात आणि एएलपी रक्तात चढतं. त्याच दशकात रॉबर्ट्स यांना ते पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीतही चढलेलं आढळलं. पित्त अडलं की लिव्हरच हे एन्झाइम जास्त तयार करतं. तेव्हापासून ते लिव्हरच्या यादीत बसलं आणि हाडांचा आपल्याला विसर पडला.

याचा फटका पेशंटला बसतो. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बाईला "लिव्हरला सूज" म्हणून तेल-तूप बंद, टॉनिक सुरू आणि घरात विश्रांती! तिला हवं होतं नेमकं उलट. अशा वेळी जीजीटी करावं. तेही वाढलं असेल तर बहुधा लिव्हर किंवा पित्तमार्ग. नॉर्मल असेल तर हाडांकडे वळून कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व तपासावं. वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एएलपी जास्तच असतं, तिथे घाबरू नये.

आणखी एक. काहीजण आईवडिलांची जुनी फाइल काढून म्हणतात, "तेव्हा १० होतं, आता ७१!" जुना आकडा किंग-आर्मस्ट्राँग युनिटमधला असेल, तर त्याला साधारण ७.१ने गुणायचं. दोन्ही आकडे सारखेच आहेत.